मदत हवी आहे: टोमॅटो टिकवण्यासाठी बरण्यांत भरायला प्रत्यक्ष शिकवणारा क्लास (कोलंबस, ओहायो)

नमस्कार मंडळी, आम्ही कोलंबसजवळ राहतो, मागच्या अंगणात यंदा टोमॅटो आणि फरसबी इतकी आलीय की रोज संध्याकाळी टोपली भरते, सार केलं, भाजी केली, शेजारी वाटलं तरी उरतंच.

गेल्या वर्षी व्हिडिओ बघून टोमॅटोच्या बरण्या भरल्या होत्या. जानेवारीत बेसमेंटमध्ये गेले तर एकीचं झाकण फुगलेलं आणि कडेने बारीक फेस आलेला, सासूबाई म्हणाल्या उकळून घे, पण घरात लहान मुलं, मी सगळ्याच टाकून दिल्या. टाकताना फार जीव तुटला हो.

मग वाचलं, टोमॅटोचा पीएच (आंबटपणाचं माप) ४.६ च्या आसपास, म्हणजे सुरक्षिततेच्या सीमेवरच असतो, म्हणून पाइंटच्या (साधारण अर्ध्या लिटरच्या) बरणीला १ टेबलस्पून बाटलीतला लिंबूरस लागतोच, ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो म्हणून तो चालत नाही. फरसबीला तर नुसतं उकळतं पाणी पुरत नाही, बोटुलिझमची (जीवघेण्या अन्नविषबाधेची) भीती, २४० फॅरनहाइटपर्यंत नेणारा प्रेशर कॅनरच हवा, आपला वरणभाताचा कुकर त्या कामाचा नाही.

हे वाचून हात धजावत नाही, कोणीतरी शेजारी उभं राहून शिकवायला हवं. इथल्या काउंटी एक्स्टेन्शनचे (विद्यापीठाच्या स्थानिक शेती-घरकाम मार्गदर्शन केंद्राचे) क्लास कोणी केलेत का? स्वतः बरणी भरायला देतात की नुसतं दाखवतात? बागेतल्या ताज्या भाजीचा स्वयंपाकही शिकवतात का? दंव पडायच्या आत शिकायचंय, प्लीज सांगा.