घरच्या छोट्या कटरला मोठी पट्टी, उघडा सायलेन्सर – करावं का नाही?

बांधावरचा (परतूर): वळवाच्या वाऱ्यात आमच्या बांधावरचा लिंब आडवा झाला, गाडीवाट बंद, म्हणून वस्तीवरली पोरं आपापले कटर (झाड कापायचं चेनवालं पेट्रोल मशीन) घेऊन आली. एकाच्या 38 सीसीच्या मशीनला 22 इंची पट्टी (जिच्यावर चेन फिरती ती), दुसऱ्यानं सायलेन्सरला ड्रिलनं भोकं पाडलेली, तिसऱ्यानं चार इंची ग्राइंडरलाच चेनचं अटॅचमेंट बसवलेलं. माझं मशीन सहा वर्षं जुनं, 16 इंची पट्टी, कंपनीतून आलं तसंच. तरी ओंडके माझ्याच मशीननं जास्त पडले, कारण एवढंच की आदल्या रात्री मी चेनला गोल कानस मारून ठेवली होती. माझं स्पष्ट मत आहे, घरच्या कामाला मशीन मॉडिफाय करायची गरज नाही, तेवढे पैसे आणि तेवढा वेळ धारेवर घाला. कापताना लाकडाचा जाडसर किस पडला तर चेन धारदार, पिठासारखा भुसा उडाला की समजा दात गेले. तेव्हा लोक मशीन दाबायलेत, दाबलं की पट्टी तापती आणि मग म्हणतात मशीनमध्ये ताकदच नाही. तुम्ही काय करता ते सांगा, पटलं नाही तरी सांगा.

फिटर_वसमत: धारेचं पटलं, बाकी नाही. ही मशीनं कारखान्यातून मुद्दाम दबकी सोडलेली असतात, धुराचे नियम पाळायला. सायलेन्सर थोडा मोकळा केला, हाय स्क्रू (फुल रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू) थोडा सोडला की त्याच मशीनचा पिकअप वेगळाच लागतो. मी स्वतः पाच-सहा मशीनं केलीत, एकही सीज (पिस्टन जाम) झालं नाही. वाळलेली बाभूळ कापून बघा स्टॉक, म्हणजे कंपनीतून आलं तशाच मशीननं, घाम निघतो.

टू_स्ट्रोक_काका: भाऊ, तुम्ही स्क्रू सोडता म्हणून तुमची वाचली. बाकीचे नुसती भोकं पाडून मोकळे होतात. सायलेन्सर मोकळा केला की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि टू स्ट्रोकला ऑइल येतं ते पेट्रोलमधूनच, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी आणि गारवाही कमी. पिस्टन सायलेन्सरच्या बाजूनं ओरखडलेला दिसला की मी विचारायच्या आधी समजून घेतो काय उद्योग केलाय. जुनं मशीन ढिलं वाटलं तर आधी सायलेन्सरच्या तोंडातली बारीक जाळी काढून बघा, कार्बननं बुजलेली असती, ब्रशनं साफ केली की निम्म्या लोकांचा प्रश्न तिथंच मिटतो. दुसरं एअर फिल्टर. आपल्याकडं उन्हाळ्यात जी धूळ हाये, तिच्यात दर दोन टाक्यांनंतर फिल्टर झटकायलाच पाहिजे.

मोसंबी_अंबड: 22 ची पट्टी माझीच आहे असं समजा, कारण मी पण लावली. मोठं खोड एका बाजूनं निघतं, वाकावं लागत नाही, कंबर दुखणाऱ्या माणसाला हे काय छोटं नाही.

बांधावरचा (परतूर): कंबरेचं मान्य, पण चेनला ऑइल देणारा पंप आहे तो लहान पट्टीच्या हिशोबाचा. टोकापर्यंत ऑइल पोचतच नाही, चेन कोरडी फिरती, पट्टीची खाच रुंदावती. कागद पट्टीच्या टोकासमोर धरून रेस करा, ऑइलचे शिंतोडे आले नाही तर समजून घ्या. 16 इंचीनं दोन्ही बाजूनं कापून मी दोन फुटाचं खोड काढलंय.

शेतकरीपुत्र_उदगीर: ग्राइंडरवाल्यांबद्दल कुणी बोलंना? अकरा हजार आरपीएमवर उघडी चेन!

टू_स्ट्रोक_काका: बोलतो. आरपीएमचं म्हणाल तर पेट्रोल कटरचं इंजिन पण दहा-बारा हजाराच्या घरात फिरतं, प्रश्न स्पीडचा नाही. कटरला क्लच असतो, रेस सोडली की चेन थांबती. पुढं ब्रेकचा दांडा असतो, मशीन उसळलं की हात त्याला लागून चेन लॉक होती. हुस्कवर्णा कंपनीनं 1973 ला ऑटोमॅटिक चेन ब्रेक आणला, तेव्हापासून किती हात वाचले असतील विचार करा. ग्राइंडरला क्लच नाही, ब्रेक नाही, ऑइल पंप नाही, आणि बटन लॉक होतं, म्हणजे हातातून सुटलं तरी चालूच. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा फांदीला लागला की मशीन सरळ तोंडाकडं येतं. माझ्या पुतण्याच्या मांडीला चौदा टाके पडलेत याच अटॅचमेंटनं. कुणाच्या घरी असंल तर हात जोडून सांगतो, काढून ठेवा.

फिटर_वसमत: यात वाद नाही. आणि काही जण अडचण होते म्हणून ब्रेकचा दांडाच खोलून ठेवतात, तशी मशीनं मी दुरुस्तीला घेत नाही.

ताई_कन्नड: मी डाळिंबाच्या छाटणीला 21 व्होल्टचं बॅटरीवालं सहा इंची घेतलं. मनगटाएवढ्या फांदीला भारी, ना मिक्सिंग ना दोरी ओढणं. पण सरपण फोडायला घेऊ नका, मोटर तापून बंद पडती. छोट्या बागेला हेच खरं अपग्रेड वाटतं मला, सायलेन्सरची भोकं नाही.

मोसंबी_अंबड: पेट्रोलचं मशीन पावसाळाभर ठेवलं की चालूच होत नाही, दोन वर्षं झाली हाच त्रास, यावर बोला कुणीतरी.

टू_स्ट्रोक_काका: आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल ओढतं. टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडंपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर पण रिकामा होतो, नाहीतर आतला पडदा कडक होतो. महिन्यापेक्षा जुनं मिश्रण घालू नका. ऑइल अंदाजे झाकणानं ओतू नका, मशीनच्या पुस्तकात 25:1 असंल तर लिटरला 40 मिली, 50:1 असंल तर 20. आणि चेनला जळकं काळं ऑइल घालणं सोडा, त्यात धातूचा चुरा असतो.

मोसंबी_अंबड: ठीक, टाकीचं करतो. पट्टी 16 ची पण घेऊन ठेवतो, रोजच्या फांद्यांना. 22 ची मात्र विकणार नाही, मोठं झाड पडलं तर लागंल.

फिटर_वसमत: मी सायलेन्सर मोकळे करायचं सोडणार नाही, पण इथून पुढं हाय स्क्रू जुळवून दिल्याशिवाय मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. काका, .325 च्या (हे चेनचं माप, इंचात) चेनला 4.8 मिलिमीटरचीच कानस ना? गिऱ्हाइक सगळ्यांना 4 चीच मारायलेत.

टू_स्ट्रोक_काका: हो, 4.8. 4 ची ती थ्री-एट लो प्रोफाईल मापाच्या चेनला.