कर्नल ४.१८ वर गेल्यावर एलएसआय ९२११-८आय कार्डावरच्या आठही डिस्क गायब

रॅकरक्षक (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

ऑफिसच्या फाइल सर्व्हरवर सेंटओएस ७ होतं, कर्नल ३.१०. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, म्हणून बूटच्या एसएसडीवर रॉकी लिनक्स ८.१० नव्याने टाकलं. आता कर्नल ४.१८.०-५५३ आहे. एसएसडी मदरबोर्डच्या साटा पोर्टवर आहे. डेटाच्या ४ टीबीच्या आठ डिस्क एलएसआय ९२११-८आय या डिस्क जोडायच्या कार्डावर आहेत. कार्ड आयटी मोडमध्ये (म्हणजे डिस्क जशाच्या तशा लिनक्सला दाखवतं), वर एमडीअ‍ॅडमचा (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेडचं टूल) रेड ६ अ‍ॅरे आणि त्यावर एक्सएफएस फाइलसिस्टम.

जुनी एफएसटॅब (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) तशीच आणली. बूट होताना ‘स्टार्ट जॉब’च्या ओळीवर दीड मिनिट थांबून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं. आतापर्यंत एवढं बघितलंय:

- मशीन चालू होताना कार्डाचा स्वतःचा बायोस आठही डिस्क दाखवतो.
- ‘एलएसपीसीआय’ मध्ये (पीसीआय कार्डांची यादी) कार्ड दिसतं.
- ‘एलएसबीएलके’ मध्ये (डिस्कची यादी) फक्त एसएसडी.
- ‘मोडप्रोब एमपीटी३सॅस’ (कार्डाचा ड्रायव्हर लोड करायची कमांड) कसलीही एरर न देता चालतं. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) ड्रायव्हर लोड झाल्याची एकच ओळ येते, पुढे काही नाही.

केबल काढून पुन्हा बसवल्या, स्लॉटही बदलला. कार्ड गेलं असेल का? आणि ‘एमडीअ‍ॅडम --क्रिएट’ देऊन अ‍ॅरे पुन्हा बनवावा का?

पीसीआय_पाटील

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: ‘--क्रिएट’ अजिबात देऊ नका. ती कमांड प्रत्येक डिस्कवर नवा सुपरब्लॉक (अ‍ॅरेच्या रचनेची नोंद) लिहिते. डिस्कचा क्रम, चंक साइज किंवा डेटा ऑफसेट यातलं एक जरी चुकलं तरी आतला डेटा वाचता येत नाही, आणि त्यावर रीसिंक सुरू झाला की परतीची वाट बंद. तुमच्या डिस्कना काहीही झालेलं नाही, त्यांना हात लावू नका.

कार्डही ठणठणीत आहे. गडबड ड्रायव्हरच्या यादीत आहे. कर्नल कुठला ड्रायव्हर कुठल्या कार्डाला लावायचा हे नावावरून नाही, पीसीआय आयडीवरून (चिपचा ठरलेला क्रमांक) ठरवतो. ९२११-८आय वरची चिप आहे सॅस२००८, तिचा आयडी १०००:००७२. सेंटओएस ७ मध्ये तो आयडी चालत होता. रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या आवृत्ती ८ मध्ये एमपीटी३सॅस ड्रायव्हर ठेवला, पण सॅस२००४, सॅस२००८, सॅस२१०८ आणि सॅस२११६ या जुन्या चिपांचा सपोर्ट काढला. रॉकी ८ तोच कर्नल बांधतं, म्हणून तिथेही तेच. ड्रायव्हर लोड होतो, आपल्या यादीतलं कार्ड शोधतो, एकही सापडत नाही आणि गप्प बसतो. तुम्हाला एरर दिसत नाही ती म्हणूनच.

खात्री करायला दोन कमांड पुरतात.

‘एलएसपीसीआय -एनएनके -डी १०००:’ द्या. कार्डाच्या ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात १०००:००७२ दिसेल. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का बघा. तुमच्याकडे ती नसणार.

मग ‘मोडइन्फो -एफ एलियस एमपीटी३सॅस’ द्या. प्रत्येक ओळीत व्हेंडरचा आकडा आणि त्यामागे ‘डी’ लावून आठ अंकी डिव्हाइसचा आकडा असतो. त्यात डी००००००७२ शोधा. नाही सापडला, तर निदान पक्कं.

तरी शंका असेल तर उबुंटूच्या लाइव्ह यूएसबीवरून बूट करा. मूळ लिनक्स कर्नलमधून हा आयडी कधीच काढलेला नाही, त्यामुळे तिथे आठही डिस्क दिसतील. फक्त ‘एलएसबीएलके’ बघा आणि बाहेर पडा, माउंट करू नका.

उपाय ईएलरेपोचा (रेड हॅट कुळातल्या लिनक्ससाठी जादा ड्रायव्हर देणारा रेपो) आहे. रॉकीच्या एक्स्ट्राज रेपोत ‘ईएलरेपो-रिलीज’ पॅकेज मिळतं. ते टाका, मग ‘डीएनएफ इन्स्टॉल केमॉड-एमपीटी३सॅस’ द्या. या ड्रायव्हरमध्ये जुने आयडी परत घातलेले आहेत. त्यानंतर ‘ड्रॅकट -एफ’ (बूटच्या सुरुवातीला लागणारी इनिटरॅमएफएस फाइल पुन्हा बनवते) आणि रीबूट. हे सगळं करताना मशीन नीट बूट व्हायला हवं, म्हणून त्याआधी एफएसटॅबमधल्या अ‍ॅरेच्या ओळीत ‘नोफेल’ आणि ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=३०’ घाला. डेटाची व्हॉल्यूम नाही म्हणून अख्खं मशीन अडून बसायचं कारण नाही. हा पर्याय कायम ठेवलेला बरा.

मॉड्यूल_मावशी

पाटलांनी नेमकं सांगितलंय. नंतर लोक जिथे अडकतात त्या जागा सांगते.

सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला कोड रोखणारी सोय) चालू असेल तर नवा ड्रायव्हर लोड होणार नाही. ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ अशी एरर येते. ईएलरेपोची मॉड्यूल त्यांच्या स्वतःच्या कीने सही केलेली असतात, ती की तुमच्या मशीनला ओळखीची नसते. रिलीज पॅकेजसोबत डीईआर फाइल येते, ती ‘मॉकयूटिल --इम्पोर्ट’ ने द्या आणि एक पासवर्ड ठरवा. रीबूटला निळी स्क्रीन येईल, तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड टाकायचा. ती स्क्रीन काही सेकंदच थांबते आणि एसएसएचवरून दिसत नाही. तेव्हा मशीनसमोर बसा, नाहीतर आयपीएमआय कन्सोल (लांबून मशीनची स्क्रीन दाखवणारा) उघडा ठेवा.

दुसरं, नवा ड्रायव्हर टाकूनही जुनाच लोड होतोय का ते तपासा. ‘मोडइन्फो -एन एमपीटी३सॅस’ फाइलचा पत्ता सांगतं. त्यात ‘एक्स्ट्रा’ किंवा ‘वीक-अपडेट्स’ दिसलं तर ठीक. ‘ड्रायव्हर्स/स्कझी’ दिसलं तर कर्नलसोबत आलेलाच ड्रायव्हर वापरात आहे. पत्ता बरोबर असूनही डिस्क नसतील तर इनिटरॅमएफएसमध्ये जुनी प्रत आहे का ते ‘एलएसइनिटआरडी’ ने बघा. बूटच्या सुरुवातीला तीच आधी लोड होते. ‘ड्रॅकट -एफ’ विसरू नका ते याचसाठी.

तिसरं, कार्ड जागं झालं की डीमेसेजमध्ये ‘एमपीटी२सॅस_सीएम०: एलएसआयसॅस२००८: एफडब्ल्यूव्हर्जन(२०.००.०७.००)’ अशी ओळ येते. एमपीटी३सॅस टाकलं आणि दोन कुठून आला, असं वाटायला नको. कर्नल ४.४ मध्ये दोन्ही ड्रायव्हर एकत्र केले गेले, पण जुन्या पिढीच्या कार्डासाठी तो तेच नाव छापतो. कंसातल्या फर्मवेअरवर मात्र लक्ष द्या. पी२० मालिकेच्या सुरुवातीच्या आवृत्त्या त्रासदायक होत्या, २०.००.०७.०० ही शेवटची आणि चांगली. खालची असेल तर बॅकअप घेऊन सवडीने बदला, आजच्या गोंधळात नको.

रॅकरक्षक

‘मोडइन्फो’ मध्ये ००७२ खरंच नाही. केमॉड टाकलं, ड्रॅकट केलं, आठही डिस्क आल्या. पण अ‍ॅरे एमडी० ऐवजी एमडी१२७ नावाने आलाय. सध्या माउंट केलेला नाही.

पीसीआय_पाटील

घाबरू नका. नव्या इन्स्टॉलमध्ये एमडीअ‍ॅडम.कॉन्फ नाही, त्यामुळे अ‍ॅरे ‘परका’ समजून १२७ नंबर दिला जातो. माउंट करण्याआधी ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’ मध्ये आठ यू सलग दिसतात का बघा. मग प्रत्येक डिस्कवर ‘एमडीअ‍ॅडम --एक्झामिन’ चालवून ‘इव्हेंट्स’चा आकडा जुळवा. आठही सारखे असतील तर अ‍ॅरे एकसंध आहे. पहिलं माउंट रीड-ओन्ली करा आणि चार-दोन मोठ्या फाइल उघडून बघा.

नाव पक्कं करायला ‘एमडीअ‍ॅडम --डिटेल --स्कॅन’ चं आउटपुट इटीसीमधल्या एमडीअ‍ॅडम.कॉन्फमध्ये टाका. त्या ओळीत एमडी१२७ असेल तिथे एमडी० करा आणि पुन्हा ‘ड्रॅकट -एफ’. एफएसटॅब यूयूआयडीवर असेल तर नाव बदललं नाही तरी चालतं.

बूटलोडर_भाऊ

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: ज्यांची रूट डिस्कच या कार्डावर आहे त्यांना इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसणार नाही. ईएलरेपो ड्रायव्हर डिस्कची आयएसओ देतं. ती यूएसबीवर लिहा आणि इन्स्टॉलरच्या बूट ओळीत ‘इन्स्ट.डीडी’ द्या. यूएसबीचं लेबल ‘ओईएमडीआरव्ही’ असेल तर इन्स्टॉलर ती आपणहून उचलतो.

काही ठिकाणी सिसएफएसमधल्या ‘न्यू_आयडी’ फाइलमध्ये (चालू ड्रायव्हरला नवा आयडी सांगायची जागा) १००० ००७२ लिहायचा सल्ला मिळतो. ते रीबूटनंतर टिकत नाही. चालू डेटाचा अ‍ॅरे त्यावर टांगू नये.

केमॉडवाल्यांनी कर्नल अपडेटनंतर लगेच जुना कर्नल काढू नये. नव्या कर्नलमध्ये ड्रायव्हरला लागणारी सिम्बॉल (कर्नलमधली फंक्शनं वगैरे) बदलली तर केमॉडची नवी आवृत्ती येईपर्यंत डिस्क पुन्हा गायब होतात, तेव्हा ग्रबमधून मागचा कर्नल निवडता आला पाहिजे. डीएनएफ मुळात तीन कर्नल ठेवतं, तो आकडा कमी करू नका.

नवीनच इन्स्टॉल करायचं असेल तर अल्मालिनक्स ९.४ किंवा पुढचं बघा. मे २०२४ च्या त्या आवृत्तीत त्यांनी एमपीटी३सॅससकट बऱ्याच ड्रायव्हरांचे काढलेले आयडी परत घातले, वेगळं केमॉड लागत नाही. आणि कार्डच बदलायचं ठरलं तर सॅस३००८ चिपचं ९३००-८आय घ्या. तिचा आयडी १०००:००९७, ८ आणि ९ दोन्हीत चालतो. पण कार्डाकडचं कनेक्टर वेगळं आहे: ९२११ ला एसएफएफ-८०८७ केबल लागते, ९३०० ला एसएफएफ-८६४३. आठ डिस्कना दोन केबल, त्या कार्डाबरोबरच मागवा.