मदत हवी आहे: क्लॅड प्लेटच्या जोडाजवळचा अवशिष्ट ताण (बाहेरचा भार नसतानाही धातूत अडकून राहिलेला ताण) कसा मोजावा?

स्फोटाने जोडलेली प्लेट आहे: खाली २० मिमी कार्बन स्टील, वर ३ मिमी ३०४एल स्टेनलेस. जोडल्यावर उष्णतोपचार केलेला नाही. एक्स-रे डिफ्रॅक्शन (क्ष-किरणांनी अणूंच्या थरांमधलं अंतर मोजून ताण काढणं) करून पाहिलं, पण त्यात वरचे काही मायक्रॉनच दिसतात. शिवाय पृष्ठभाग ग्राइंड केलेला, म्हणजे मोजला तो बहुधा ग्राइंडिंगचाच ताण. स्ट्रेन गेज (पृष्ठभाग किती ताणला-दबला ते मोजणारी पट्टी) लावून २ मिमीचं भोक पाडलं, ते जेमतेम १ मिमी खोलीपर्यंत उपयोगी. मला ताण हवा आहे जोडरेषेच्या दोन्ही बाजूंचा. धातूच्या आत खोलवर मोजणाऱ्या न्यूट्रॉन डिफ्रॅक्शनची सोय नाही. तुकडा कापायला मात्र हरकत नाही. म्हणून काँटूर पद्धतीचा (तुकडा कापून, कापलेल्या पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजून त्यावरून ताण काढणं) विचार आहे. पण वायर-कटने (तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून) कापताना धातू बदलला की कापाची रुंदीही बदलू शकते. ती चूक ताणापासून वेगळी कशी काढायची? की एकेक थर काढत प्लेटचं वाकणं मोजून त्यावरून ताण काढलेलाच बरा?