१० मीटर एअर पिस्तूल: रोजच्या सरावासाठी परवडणारं कोणतं?

नाशिककर_पालक
मुलगी १५ वर्षांची आहे, सध्या अकादमीच्या पिस्तुलावर शिकते. आता स्वतःचं घ्यायचंय. सराव आठवड्यातून चार दिवस, दर वेळी ६० शॉट आणि वीसेक सायटर (गुण न मोजले जाणारे चाचणीचे शॉट). नवं मॅच पिस्तूल (स्पर्धेच्या दर्जाचं) बजेटबाहेर आहे. समोर तीन पर्याय आहेत: वाइराख एचडब्ल्यू ४०, नवं हॅमर्ली एपी २० किंवा वापरलेलं स्टायर एलपी १०. वापरलेलं घ्यायची भीती वाटते. आणि परवाना लागतो का?

तिसरी_लेन
परवान्याचं आधी सांगतो. ४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर लागत नाही. मॅच पिस्तुलाची ताकद साधारण ५ ज्यूल असते. ओळखपत्र न्या आणि बिल तुमच्या नावावर घ्या.

एचडब्ल्यू ४० चांगलं आहे, पण या सरावासाठी नाही. प्रत्येक शॉटला वरचा भाग उचलून परत दाबून बसवावा लागतो. हे ८० वेळा केलं की ज्या हाताने पिस्तूल स्थिर धरायचं तोच थकतो, शिवाय दर शॉटला पकड सुटते. स्प्रिंगवालं तर घेऊच नका. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत पिस्टन हलतो, तोंड उडतं, मग चूक हाताची की पिस्तुलाची हे कळतच नाही.

उरले दोन, दोन्ही सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारे. एपी २० वजनाला हलकं आहे, या वयात ते सोयीचं. एलपी १० चा ट्रिगर मात्र वेगळ्याच दर्जाचा, आणि नेमबाजीत निम्मा खेळ ट्रिगरचा. नीट तपासलेलं मिळालं तर मी एलपी १० च सुचवेन.

बारीक_माशी
वापरलेलं घेताना पहिली नजर सिलिंडरवर. त्यावर कोरलेली तारीख वाचा. मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि ती संपली की स्पर्धेत चालत नाही. पिस्तूल कितीही चकचकीत असो, सिलिंडर बाद असेल तर नव्याची किंमत सौद्यातून वजा करा.

मग गळती. २०० बारपर्यंत भरा, पिस्तुलाला लावून रात्रभर ठेवा. सकाळी काटा उतरलेला दिसला तर पुन्हा भरून सिलिंडर सुटं ठेवा. सुटं असताना काटा जागेवर राहिला तर गळती पिस्तुलाच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा ओ-रिंगमध्ये (सीलच्या रबरी कड्यात) आहे. सुटं असतानाही उतरला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह गेलाय.

रेग्युलेटर म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग; तो तपासायला छर्र्याचा वेगमापक लागेल, मोठ्या रेंजवर असतो. सलग दहा शॉट घ्या. वेगातला फरक ३-४ मीटर प्रति सेकंदाच्या आत असला तर उत्तम. नंतर दहा मिनिटं थांबून एकच शॉट घ्या. तो बाकीच्यांपेक्षा बराच वेगात गेला तर रेग्युलेटर हळूहळू दाब वर सोडतोय. ही चाचणी विकणारे सहसा दाखवत नाहीत, आग्रह धरा.

शेवटी ट्रिगर. पिस्तूल तोंड वर करून उभं धरा आणि ट्रिगरने ५०० ग्रॅमचं वजन उचला. ते उचलताना ट्रिगर सुटला तर स्पर्धेआधीच्या तपासणीत अडकाल. ट्रिगरच्या स्प्रिंगचा ताण वाढवून जमतं, पण घेतानाच बघा.

नाशिककर_पालक
खूप उपयोग झाला. हवा भरायला हातपंप चालेल? आणि ग्रिप (मूठ) कशी निवडायची?

तिसरी_लेन
पंप चालेल, पण दमट हवेत जपून. दाबलेल्या हवेतली वाफ पाणी होऊन सिलिंडरमध्ये जाते, आतून गंज धरतो आणि सील खराब होतात. सिलिका जेलची नळी असलेला पंप घ्या, रंग बदलला की दाणे बदला. चाळीस-पन्नास झटके मारले की पंप थंड होऊ द्या, गरम पंपाचे सील आधी जातात. स्कूबाच्या टाकीतून भरता आलं तर जास्त चांगलं. ऑक्सिजन कधीही भरू नका, आतल्या ग्रीसशी संयोग होऊन स्फोट होतो.

बारीक_माशी
ग्रिपवर मी सगळ्यात जास्त भर देईन. मुलीला डोळे मिटून पिस्तूल लक्ष्याच्या रेषेत उचलायला सांगा, मग डोळे उघडू द्या. नेम धरायची पुढची माशी मागच्या खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिप हाताला बसली. डावी-उजवीकडे दिसत असेल तर मनगट वळवून जुळवू नका, ती सवय पुढे जाता जात नाही. एलपी १० च्या ग्रिपचा कोन थोडा बदलता येतो, बाकी कानस आणि लाकडाची पुट्टी. जिथे बोटं सैल राहतात तिथे पुट्टीचा पातळ थर द्यायचा, ओला असतानाच हात दाबून ठसा घ्यायचा. मोठ्या हाताची ग्रिप कापून लहान होते, पण लहानाची मोठी करणं कटकटीचं, त्यामुळे साइज विचारूनच घ्या. तळहाताखालचा आधार खाली सरकवून सुरुवात करा, हात अडकला की रक्त थांबतं आणि थरथर वाढते.

छर्र्यांचा हिशेब आताच करा. आठवड्याला ३२० म्हणजे ५०० चा डबा दीड आठवडा पुरतो. सपाट तोंडाचेच घ्या, कागदात गोल भोक पडतं आणि गुण वाचता येतात. ४.४९ आणि ४.५० अशा दोन मापांचा एकेक डबा आणा, पिस्तूल टेकवून पाच-पाच शॉट घ्या आणि ज्याचा ग्रुप (भोकांचा पुंजका) लहान येईल तोच पुढे वापरा. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे, ग्रुप आरामात त्याच्या आत बसायला हवा. आणि सराव संपला की खाण्याआधी हात साबणाने धुवायला सांगा, छर्रे शिशाचे असतात.