मदत हवी आहे: आईच्या हातात जोर आहे, पण वात वळता येत नाही

नमस्कार मंडळी,

आईला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, उजवा हात पार लुळा पडला होता. पुढे त्यात बरीच ताकद आली. आता ती ६४ वर्षांची आहे. भरलेली बादली मोरीतून अंगणात नेते, पण वाती वळायला बसली की रडकुंडीला येते. कापूस हलका धरला तर निसटतो, जरा दाबला की तुटतो. मधलं काही जमतच नाही. दोन वर्षांत हे फार वाढलंय.

ईएमजी केला, म्हणजे स्नायूतल्या विजेच्या संकेतांची तपासणी. 'मोटर युनिट्स संख्येने कमी, आकाराने मोठी' असं निघालं. दवाखान्यात गर्दी होती, नीट विचारता आलं नाही, म्हणून घरी वाचत बसलो.

मला कळलं ते असं. मज्जारज्जूतली एक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले सगळे स्नायूतंतू म्हणजे एक मोटर युनिट. हुकूम सुटला की ते सगळेच्या सगळे आकसतात, निम्मे नाहीत. डोळ्याच्या स्नायूत एका पेशीकडे जेमतेम दहाएक तंतू, पोटरीत हजाराच्या वर. जोर वाढवायचा तर आणखी युनिट्स कामाला लावायची, नाहीतर लागलेल्यांना भराभर हुकूम द्यायचे. आधी छोटी लागतात, मग मोठी. हा क्रम हेनेमन या शास्त्रज्ञांनी दाखवला. पोलिओत पेशी मेल्या, त्यांचे पोरके तंतू शेजारच्या पेशींनी सांभाळले, म्हणून आईची युनिट्स मोठी.

मग जोर आहे आणि नाजूकपणा नाही, तो यामुळेच का? ती दिवसभर स्पंजचा चेंडू दाबत असते, ताकद वाढेल म्हणून. थांबवू का?

प्रतिसाद

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचा तर्क पटतो. सुटे संपले आणि नुसत्या पाचशेच्या नोटा उरल्या, तसं झालंय. एरवी पुष्कळ युनिट्स मागेपुढे चालतात, एकाचा झटका दुसऱ्यात मुरतो, म्हणून पकड सलग राहते. थोडीच उरली की प्रत्येक झटका बोटात उतरतो.

चेंडू आजच बंद करा. त्या पेशी साठ वर्षं जादा तंतूंचा भार वाहताहेत, दमवून ताकद येणार नाही. पण नव्याने वाढलेल्या त्रासाला दुसरं कारणही असू शकतं, मानेतली नस किंवा थायरॉइड, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टना पुन्हा दाखवाच. सकाळी उठल्या उठल्याही असंच होतं, की दुपारनंतर जास्त? ते पाहून इथे लिहा.