घरी राहणाऱ्या आईच्या नावावर दरमहा रक्कम: राजीनाम्याआधीच ठरवावी का?

हिशेबी_कोथरूड (धागाकर्ती)

बाळ झाल्यावर आईने नोकरी सोडायची, हा निर्णय आपल्याकडे तीन वाक्यांत होतो. पाळणाघर नको, आजी-आजोबा गावी, माझ्या एकट्याच्या पगारात भागेल. तिच्या म्हातारपणच्या पैशांचं काय, हे चौथं वाक्य येतच नाही.

माझं म्हणणं असं, की राजीनामा टाकण्याआधीच एक आकडा ठरवावा आणि तो दर महिन्याला तिच्या एकटीच्या खात्यावर जावा. घरखर्चाचे पैसे वेगळे, हे वेगळे. आकडा हवेतून काढायचा नाही, तिच्या पगारपत्रकातून काढायचा. मूळ पगार ४०,००० असेल तर पीएफचे तिचे १२ टक्के म्हणजे ४,८००, कंपनीचे तेवढेच. नोकरी सुटली की महिन्याला ९,६०० रुपयांची बचत बंद पडते. निदान तेवढी चालू ठेवा. वर्षाचे १,१५,२०० होतात, म्हणजे पीपीएफच्या (बँकेत किंवा पोस्टात उघडता येणारं १५ वर्षांचं सरकारी बचत खातं) वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत बसतात. आजच्या ७.१ टक्के दराने १५ वर्षांत ३० लाखांच्या आसपास जमतात. पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत जमा व्हायला हवेत, कारण व्याज ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. सहा तारखेला भरले की त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज गेलं.

राजीनाम्याआधी आणखी तीन गोष्टी बघा. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम) ५ वर्षं भरायला दोन-चार महिने उरले असतील तर तेवढे काढा. पीएफ लगेच काढून ईएमआयमध्ये घालू नका; सलग ५ वर्षं भरली नसतील तर त्यावर कर लागतो, आणि खातं तसंच ठेवलं तर व्याज मिळत राहतं (नोकरी सुटल्यानंतरचं व्याज मात्र करपात्र). तिसरी गोष्ट कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमची. तो शेवटच्या दिवशी संपतो आणि त्यात तिचे आईवडील असतील तर तेही उघडे पडतात. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज आधी करावा. तो न करता नवीन पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

सुप्रीम कोर्टाच्या न्या. नागरत्ना यांनी १० जुलै २०२४ च्या पोटगीच्या निकालात हेच सुचवलं होतं: गृहिणीला घरखर्चापलीकडे आर्थिक आधार द्या, जॉइंट खातं ठेवा, एटीएम कार्ड तिच्या हातात द्या. मी त्यापुढे एक पाऊल जाते. जॉइंट नको, तिचं एकटीचं खातं हवं.


नऱ्हेकर

कागदावर छान आहे. आता एक घर मांडतो, आमच्या भागात असली शेकड्यांनी सापडतील. हातात पगार ६८,०००. ईएमआय २९,०००, सोसायटीचा मेंटेनन्स ३,०००, शाळा आणि व्हॅन ९,५००, किराणा-दूध-भाजी १३,०००, गॅस-वीज-मोबाइल ३,५००, पेट्रोल ३,०००, गावी आईवडिलांना ४,०००. बेरीज ६५,०००. उरले तीन हजार. त्यात डॉक्टर, सणवार, लग्नातले आहेर. यातून ९,६०० कुठून काढायचे?

आणि नवऱ्याने पहिल्या तारखेला बायकोच्या खात्यावर 'ठरलेली रक्कम' टाकायची, हे पगार देण्यासारखंच झालं की. मग एखाद्या महिन्यात जमली नाही तर ती थकबाकी धरायची का? 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं जॉइंट खातं असलं की दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतं, आणि एकाचं बरंवाईट झालं तरी दुसऱ्याचं अडत नाही. याहून जास्त काय हवं?


हिशेबी_कोथरूड

जॉइंट खातं खर्चासाठी उत्तम. पण त्यात शिल्लक राहत नाही, तुमच्याच मांडणीत राहिली नाही. आणि तिने बहिणीला दोन हजार पाठवले तरी मेसेज त्याच्या मोबाइलवर वाजतो. तो विचारत नाही हे खरं असेलही. पण प्रश्न येईल या धास्तीने ती पाठवतच नाही, हे जास्त घडतं.


अडगळ_सीए

धाग्यात रकमेचं बोलणं चाललंय, पण ती कुठे ठेवता यावर कर ठरतो आणि तिथे हमखास घोटाळा होतो.

नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर त्या भेटीवर कर नाही. पण त्या पैशातून जे उत्पन्न येतं ते नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं, त्याला क्लबिंग म्हणतात. तिच्या नावाने ५ लाखांची एफडी ७ टक्क्यांनी केली तर ३५,००० व्याज त्याच्या विवरणपत्रात दाखवायचं. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर १०,५०० कर आणि वर सेस. बँक हे व्याज तिच्या पॅनवर कळवते, म्हणून नवरेमंडळी निर्धास्त असतात. आणि मग नोटीस येते. म्युच्युअल फंडातल्या नफ्यालाही हाच नियम. मात्र त्या व्याजातून पुढे जे व्याज येतं ते तिचं.

पीपीएफचं व्याज करमुक्तच असल्यामुळे तिथे क्लबिंगचा त्रास नाही. जुनी करपद्धत घ्या, नवी घ्या, फरक पडत नाही. नव्यात भरलेल्या रकमेची वजावट मिळत नाही एवढंच. तिची दीड लाखाची मर्यादा स्वतंत्र आहे, नवऱ्याच्या खात्याशी तिचा संबंध नाही. तेव्हा धागाकर्तीने खातं बरोबर निवडलंय.

नऱ्हेकर, पीपीएफ वर्षाला किमान ५०० रुपयांनी चालू राहतं. आज खातं उघडून ठेवलं तर १५ वर्षांचं घड्याळ या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून फिरायला लागतं. रक्कम नंतर वाढवता येते, गेलेली वर्षं परत आणता येत नाहीत.


सातारारोड_मावशी

सगळे पैशावर घसरलेत. मला हा मुद्दाच दुय्यम वाटतो.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. आणि ही ८८ मिनिटंही जे पुरुष काहीतरी करतात त्यांचीच सरासरी आहे. जे कशालाच हात लावत नाहीत ते यात धरलेले नाहीत. तिच्या खात्यावर ९,६०० टाका नाहीतर पन्नास हजार, रविवारी दुपारी दोन तास ती घराबाहेर पडू शकत नसेल तर ते पैसे ती वापरणार कधी?

उपाय आहे, पण 'मदत करतो' हा नव्हे. मदत करणारा विचारतो, काय करू सांग. मग सांगण्याचं काम तिच्याकडेच राहतं. एक आख्खं खातं सोपवायचं असतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. उदाहरण घ्या मटकीच्या उसळीचं. बुधवारी सकाळी डब्यात उसळ हवी असेल तर सोमवारी रात्री मटकी भिजत घालायची, मंगळवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, संध्याकाळी फडकं वाळलंय का बघून पुन्हा पाणी शिंपडायचं. पुण्यात थंडीत मोड यायला आणखी अर्धा दिवस लागतो, म्हणून डिसेंबरात रविवारपासून तयारी. बुधवारी सहा वाजता फोडणी घालणं हा यातला सगळ्यात सोपा भाग, आणि नवऱ्याच्या वाट्याला नेमका तेवढाच येतो. सोमवारी रात्रीची आठवण ज्याच्या डोक्यात आहे, काम त्याचं.

म्हणून कामं वाटू नका, विषय वाटा. लसीकरण पूर्ण त्याचं: कार्ड कुठे आहे, नऊ महिन्यांची गोवर-रुबेला, मग १६ ते २४ महिन्यांतला बूस्टर, दवाखान्याची वेळ, त्या रात्रीचा ताप, सगळं. गॅस, सोसायटीची बिलं, शाळेचा ग्रुप, गणवेश हे दुसरं खातं. पहिले दोन महिने तो एखादी तारीख चुकवेल. तेव्हा तिने मधे पडायचं नाही. इथेच बहुतेक घरांचा प्रयोग फसतो: पहिल्या चुकीला ती काम परत घेते, आणि तोही मुकाट्याने देऊन टाकतो!


पेठी

मावशींशी अर्धा सहमत. पण रविवारचे दोन तास मिळाले तरी रिक्षाला पैसे मागायचेच असतील, तर ते दोन तासही कुणाच्या तरी परवानगीने मिळाल्यासारखेच.


बाणेर_फेज३

वरच्या सगळ्यांशी असहमत. इथे नोकरी सोडणं गृहीत धरलंय आणि मग मलमपट्टी चाललीय. पहिली चूक हिशेबातच होते: पाळणाघराचा खर्च फक्त आईच्या पगारातून वजा करतात. 'तुझ्या पगारातले पाळणाघर आणि पोळीवाल्या मावशींना दिले की उरतं काय?' मूल दोघांचं आहे तर दोन्ही पगारांच्या बेरजेतून वजा करा, म्हणजे चित्र बदलेल. शिवाय तिचा पगार पाच वर्षांनी आहे तिथेच राहणार नाही, पाळणाघर मात्र शाळा सुरू झाली की कमी होतं.

कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय, दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा. किती आया राजीनाम्याआधी एचआरला हे लेखी विचारतात? मेलवर विचारा. तोंडी विचारलं की तोंडीच वाटेला लावतात.


मुठाकाठी

बाणेर_फेज३, हिशेब बरोबर, पण त्यात आजारपण धरलेलं नाही. लहान मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-पडसं होणं डॉक्टर सामान्यच मानतात आणि पाळणाघराच्या पहिल्या वर्षात ते वाढतं. ताप असलेलं मूल कुठलंही नीट चाललेलं पाळणाघर घेत नाही. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच आणा म्हणतात, आणि ते योग्यच आहे. म्हणजे एका आजारपणाला दोन-तीन दिवस घरी. वर्षाची सगळी रजा यातच संपते. ती कुणाची संपते हे सांगायला नको. आणि संध्याकाळी हिंजवडीहून कोथरूडला येताना चांदणी चौकापर्यंत पोचायलाच तास लागला तर सात वाजता बंद होणाऱ्या पाळणाघरात मूल बूट घालून दारात बसलेलं असतं.

घरी राहणं म्हणजे दर वेळी हरून घेतलेला निर्णय नसतो. मुलाची पहिली तीन वर्षं आपल्या हातून जावीत असं मनापासून वाटणाऱ्या बायका असतात, त्यांना 'परत कधी जॉइन होणार' हा प्रश्न निम्मी सोसायटी विचारते.

त्याचा जुळा भाऊ म्हणजे 'घरबसल्या काहीतरी कर'. म्हणजे काय, डबे कर. दहा डबे, प्रत्येकी चार पोळ्या, म्हणजे ४० पोळ्या. कणीक भिजवण्यापासून धरले तर सवा-दीड तास, वर दोन भाज्या, आमटी, भात. डबे उचलणारा माणूस साडेदहाला दारात. नेमक्या त्याच वेळात मुलाचं आवरून बालवाडीत सोडायचं असतं. घरी राहायचं कारणच त्यात जातं.


निबंधक_नाही

कुणीच घराचं बोललं नाही, आणि सगळ्यात मोठी मालमत्ता तीच.

फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि तो इच्छापत्र न करता गेला, तर हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलं आणि त्याची आई यांना सारखे हिस्से. दोन मुलं आणि सासूबाई असतील तर बायकोच्या वाट्याला चौथा हिस्सा. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असलं तरी नॉमिनी मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. 'तुझं नाव टाकलंय ना नॉमिनीत' यावर बायका वर्षानुवर्षं निश्चिंत असतात.

तीन कामं करता येतात. इच्छापत्र: साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक, दोन साक्षीदार हवेत आणि ते लाभार्थी नसलेले बरे. बक्षीसपत्र: महाराष्ट्रात राहतं घर किंवा त्यातला हिस्सा पत्नीला देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार आणि नोंदणी वेगळी, कर्ज चालू असेल तर बँकेची संमती आधी. नवऱ्याचा टर्म विमा: अर्ज भरतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्यावा, म्हणजे रक्कम बायको-मुलांचीच राहते, नवऱ्याला कर्ज देणाऱ्यांना तिला हात लावता येत नाही. एकदा पॉलिसी निघाली की हे नंतर जोडता येत नाही.

शिवाय पीएफचं नॉमिनेशन. लग्नाआधी आईवडिलांच्या नावे केलेलं लग्नानंतर रद्द ठरतं, नवं भरावंच लागतं.


अडगळ_सीए

भर: मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत गृहिणीच्या श्रमांचाही वाटा धरून पत्नीला निम्मा हिस्सा दिला होता. तो दाखला लोक फिरवत असतात, पण तो मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. त्यावर विसंबण्यापेक्षा २०० रुपयांचं बक्षीसपत्र बरं.


नऱ्हेकर

इच्छापत्राचं आणि पीएफ नॉमिनेशनचं मान्य, त्याला खर्च नाही. पीपीएफ ५०० रुपयांनी उघडायलाही हरकत नाही. पण दरमहा ९,६०० हे ईएमआय संपल्याशिवाय शक्य नाही, आणि कर्ज काढून कुणी बचत करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कर्जाचा दर ८-९ टक्के असताना ७.१ वर पैसे ठेवणं हा कुठला हिशेब?


हिशेबी_कोथरूड

टक्क्यांचा हिशेब तुमचा बरोबर आहे. फक्त फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते बघा. दिवाळीच्या बोनसमधून जादा हप्ता भरला की वाढते ती नवऱ्याची मालमत्ता. घर दोघांच्या नावावर असेल तर खुशाल सगळा बोनस कर्जात घाला, मी एक शब्द बोलणार नाही. नसेल तर निम्मा तिच्या पीपीएफमध्ये.


नऱ्हेकर

फ्लॅट एकाच्याच नावावर, बरोबर ओळखलंत. बक्षीसपत्राला बँक संमती किती दिवसांत देते, कुणाला माहीत आहे का?


निबंधक_नाही

बँक सहसा तिला सहकर्जदार म्हणून घ्यायला सांगते, आणि उत्पन्न नसेल तरी घेते. मग हप्त्याची जबाबदारीही तिच्यावर येते, हे सही करण्याआधी तिला नीट समजावून सांगा. शाखेत जाताना मूळ करारनामा, सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि दोघांचे पॅन-आधार न्या. बक्षीसपत्राचा मसुदा आधी बँकेच्या वकिलाला दाखवा, नाहीतर नोंदणीची वेळ घेऊन परत फिरावं लागतं.