ढोल पथकासाठी प्रथमोपचार: साधी जखम कोणती, धोक्याची कोणती? सल्ला हवा

टिपरू_नदीपात्र:
सराव सुरू झालाय आणि यंदा प्रथमोपचाराची पेटी माझ्या गळ्यात पडली आहे. पेटीत काय हवं ते केमिस्टही सांगेल. मला हवंय ते वेगळंच. मिरवणुकीत ट्रॉलीचं चाक पायावरून जातं, जनरेटरच्या सायलेन्सरला हात लागतो, रेटारेटीत बरगडीत ध्वजाची काठी बसते. यातलं जागेवर काय निभावायचं आणि कोणाला लगेच उचलायचं, हे ओळखायचं कसं? लक्ष्मी रोडवर अँब्युलन्स आत यायला वेळ लागणारच.

माजी_सिस्टर:
बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढली आहेत, म्हणून लिहिते. रक्त दिसलं की सगळे धावतात. स्वच्छ गॉज ठेवून दाबून धरा आणि थांबलं का बघायला सारखं उचलू नका. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा, दाब जोरात द्या. खरचटलेलं धुवायचं, टिटॅनसचं इंजेक्शन कधी झालंय ते विचारायचं.

मला भीती मुक्या माराची वाटते. चाक पोटरीवरून गेलं, कातडी शाबूत, पोरगं म्हणतं "काही नाही". तासाभरात पोटरी दगडासारखी घट्ट होते, पायाची बोटं नुसती वर ओढली तरी ओरडतं, मुंग्या येतात. आत दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतोय. तिथे चोळायचं नाही, क्रेप बँडेज आवळायचं नाही, थेट हॉस्पिटल. काही तासांत स्नायू कायमचे जातात.

भाजल्याचं तर उलटंच. लाल होऊन आग होते ते वरवरचं, फोड आले तर त्याहून खोल. आणि जागा पांढरी किंवा चामड्यासारखी कडक झाली, दुखतही नाही, तर ते सर्वांत वाईट, कारण मज्जातंतूच जळलेत. विजेचा झटका बसला असेल तर बाहेरचा डाग टिकलीएवढा असला तरी ईसीजी काढायला न्यायचंच. मात्र वीज बंद झाल्याशिवाय त्या माणसाला हात लावू नका.

पेठेतला_बंड्या:
आमच्याकडे टूथपेस्ट लावतात, लगेच गार वाटतं. नाहीतर बर्फ.

माजी_सिस्टर:
वाटतं खरं. मग ती पेस्ट डॉक्टरांना खरवडावी लागते, तेव्हा काय वाटतं ते त्या पेशंटला विचारा. बर्फही नको. साधं गार पाणी, 20 मिनिटं, घड्याळ लावून. अंगठी-कडं सूज यायच्या आत काढा, फोड फोडू नका. पेशंटचा तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण 1 टक्का. त्याहून मोठं भाजलं, किंवा चेहरा, हात, सांधे भाजले तर न्या. आवाज घोगरा झाला किंवा नाकात काजळी दिसली तर थांबूच नका, श्वासनलिका सुजते.

राजगड_वारी:
छातीत काही घुसलं तर? आम्हाला ट्रेकिंगच्या कोर्समध्ये प्लास्टिक लावून तीन बाजूंनी चिकटपट्टी मारायला शिकवलं होतं.

माजी_सिस्टर:
पूर्वी तेच शिकवायचे. श्वासाबरोबर जखमेतून हवा सुळसुळत असेल, फेसाळ रक्त येत असेल, तर आता ती जखम उघडीच ठेवायला सांगतात. पट्टी रक्ताने चिकटून भोक पूर्ण बंद झालं की हवा आत साठून फुप्फुस दाबलं जातं. झाकली असेल आणि धाप वाढत चालली, तर आधी ते झाकण काढा. घुसलेली वस्तू मात्र उपसायची नाही. बसतं करा, 108 लावा.

बिनजखमेचा मारही बघा. शर्ट वर करून दोन्ही बाजू सारख्या हलतात का ते पाहायचं. बरगड्यांचा एखादा तुकडा श्वास घेताना बाहेर यायच्याऐवजी आत जात असेल, तर त्या बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्यात.

टिपरू_नदीपात्र:
सिस्टर, मिरवणुकीत 20 मिनिटं पाणी आणू कुठून?

माजी_सिस्टर:
ट्रॉलीवर 20 लिटरचे दोन जार ठेवा, मग्याने हळूहळू ओतत राहा. जागेवर जमलं नाही तर हॉस्पिटलच्या वाटेवर ओता, तीन तासांपर्यंत उपयोग होतो.

पेठेतला_बंड्या:
आणि 108 ला नुसतं "लक्ष्मी रोड" सांगू नका. कोणत्या बोळातून बाहेर येताय ते आधीच ठरवून सगळ्यांना सांगून ठेवा. गाडी अलका चौकात आणि पेशंट बेलबाग चौकात, असं नको.

टिपरू_नदीपात्र:
जार आणि मगा उद्याच घेतो. बोळ ठरवायला ध्वजवाल्यांना घेऊन रविवारी चक्कर मारतो.